हौशीरामच्या मागचा दिवा

निमगाव सावा गावात मोटरसायकली पुष्कळ आहेत, पण दोन्ही आरसे जागेवर असलेली एकच. ती हौशीरामची. बाकीच्यांनी आरसे काढून घरात दाढी करायला लावले, नाहीतर ते गोठ्याच्या खांबाला नाहीतर उसाच्या ट्रॉलीला लागून फुटले. हौशीरामचा आरसा फुटला तर तो त्याच दिवशी नवा बसवायचा. पारावरची माणसं म्हणायची, "समदी पुढं बघून गाडी चालवत्यात. हौशीराम मागं बघून चालवतोय."

त्यात फारसं खोटं नव्हतं. माणूस कामाला चोख, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण संशयी. समोरच्यानं रामराम घातला नाही तर याचं मन खायचं, आणि घातला तर आजच का घातला म्हणून जास्त खायचं. बिबट्याला तो भ्यायचा नाही. उसातून डोळे चमकले तरी गाडीचा वेग तोच. "बिबट्या मनात काय ठेवत न्हाई," म्हणायचा. "भूक लागली की येतो. माणसाचं तसं न्हाई."

याचं मूळ लहानपणात होतं. हौशीरामला लांबचं दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, जग सगळ्यांना असंच दिसतं, जवळचं धड आणि लांबचं दुधात पडल्यासारखं. शाळेत तो मागं बसायचा. गुरुजी फळ्यावर पांढरा धूर काढायचे आणि त्या धुरावरून बाकीची पोरं धडाधड उत्तरं द्यायची. यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवतं, अशी त्याची खात्री झाली. पारावर माणसं बसलेली असली तर त्यांच्या तोंडाच्या जागी नुसते डाग. डागांतून हसू यायचं. हसणारा कुणाकडं बघून हसतो ते त्याचे डोळे दिसल्याशिवाय कळत नाही. हौशीरामला डोळे दिसायचे नाहीत, हसू तेवढं ऐकू यायचं. मग ते आपल्यालाच, असं तो धरून चालायचा.

चष्मा आला तो लग्नानंतर. बायको साळुबाई आंबेगाव तालुक्यातली, अवसरीकडची. तिला बघायला गेला तेव्हा हा सगळा वेळ दारात उभ्या असलेल्या तिच्या चुलतीकडं बघत होता, आणि परत येताना त्यानं पसंती कळवली. साळुबाई हे अजून विसरलेली नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच हंगामात तिनं नवऱ्याला बांधावर उभं राहून दम भरताना ऐकलं, "कोण हाय रं? माझ्या वावरात उभं राहून काय बघतोस?" समोर बुजगावणं होतं. ते त्यानंच आदल्या दिवशी उभं केलं होतं. तिनं त्याचा हात धरला आणि मंचरला डोळे तपासायच्या शिबिरात नेऊन बसवलं.

चष्मा लावून हौशीराम पहिल्यांदा गावातून चालत आला तेव्हा त्याला पारावरच्या माणसांचे डोळे दिसले. बहुतेक डोळे त्याच्याकडं बघतच नव्हते. याचं त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याला वाटलं, आपल्याला दिसायला लागलंय हे यांना कळलेलं दिसतं.

पुढं त्याला मंचरला नोकरी लागली. बटाट्याचं शीतगृह. शेतकरी बेण्याचा बटाटा तिथं गोण्या भरून ठेवतात आणि पाऊस पडल्यावर लागवडीला काढून नेतात. आत बाराही महिने हिवाळा. हौशीराम स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून गोण्यांच्या थप्प्यांमधून फिरायचा, कुठं पंखा बंद पडलाय का, कुठल्या थप्पीला ओल सुटलीय का ते बघायचा. रात्री आठ वाजता सुटी. दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेची वाफ धरायची आणि जगाचं पुन्हा दूध व्हायचं. तेवढा वेळ तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. वाफ जाईपर्यंत पाठ उघडी टाकायची नाही हा त्याचा नेम होता.

उन्हाळ्यात त्याचं काही अडत नव्हतं. अडायचं पावसात. पावसाच्या रात्री चष्म्यातून रस्ता दिसत नाही, दिवे दिसतात. समोरून एक ट्रक येतो आणि काचेवरच्या प्रत्येक थेंबात त्याचा एकेक ट्रक होतो. हेल्मेटची काच खाली घेतली तर श्वासानं आतून धुरकटते, वर केली तर पाऊस चष्म्यावर. पुसलं तर पाणी पसरतं, नाही पुसलं तर साचतं. शीतगृहाच्या गेटवर ज्याला त्याला यावर उपाय ठाऊक. कुणी म्हणे साबण चोळ, कुणी म्हणे ट्रकवाले काचेला तंबाखू चोळतात, तू पण चोळ. पण सगळ्यांचं एकमत बटाट्यावर. कच्चा बटाटा कापायचा, दोन्ही काचांना चोळायचा, सुकू द्यायचा, मऊ फडक्यानं पुसायचा. थेंब टिकत नाही, घरंगळून जातो. मंचरात राहून बटाट्यावर विश्वास नसेल असा माणूस मिळणं अवघड. हौशीरामनं हा उपाय उचलला, फक्त मऊ फडकं कुठून आणायचं म्हणून तो गोणपाटाच्या कोपऱ्यानं पुसायचा. रोज संध्याकाळी गेटवरच्या बल्बखाली, फुटलेल्या गोणीतला एक बटाटा घेऊन तो चष्म्याची ही पूजा करायचा. बाजारातल्या चष्मेवाल्यानं एकदा सांगितलं, "मामा, काचांवर चरे पडलेत. नवीन घ्याव्या लागतील." हौशीराम मान हलवून बाहेर आला. नवीन काचा विकायच्या असल्यावर कुणालाही जुन्यांवर चरेच दिसणार.

अशा चष्म्यानं तो इतकी वर्षं घरी यायचा तो पाहून नव्हे, आठवून. कळंबपर्यंत हायवे. तिथं समोरच्या दिव्याकडं बघायचंच नाही, डावीकडची पांढरी रेघ धरायची. कळंबच्या पुढं हायवे सोडला की रेघ नाही. मग पोल्ट्रीचा वास आला की उजवं वळण. गतिरोधकाचे दोन हिसके बसले की शाळा. अंगावर गार झुळूक आली की कालवा. कालव्याशी रस्ता सरळ येतो आणि ऐनवेळी डावीकडं मुरडून पाण्याच्या कडेनं जातो. मुरडण्यापाशीचा कठडा उसाच्या ट्रॉलीनं पाडला तो तसाच आहे. झुळुकीला हौशीराम वेग उतरवायचा, डावीकडं वळायचा, आणि मग आरशात बघायचा.

आषाढ संपत आला तेव्हा त्या आरशात दिवा आला.

एकच दिवा, डावीकडं किंचित झुकलेला, ओल्या चष्म्यातून कधी दोन, कधी तीन दिसायचा. मंचरची वस्ती संपली की मागं लागायचा आणि कळंबला हा हायवे सोडून वळला की तोही वळायचा. हौशीरामनं वेग कमी केला की त्याचाही कमी. पुढं जा म्हणून हात केला तरी पुढं जायचा नाही. एकदा हौशीराम मुद्दाम चहाच्या टपरीवर थांबला, तर दिवा मागं अंधारात लांबवर उभा राहिला. चहा संपेपर्यंत उभा. मग पुन्हा मागं. कधी अंतर फार पडलं की हॉर्न वाजायचा, एकदाच, बारीक. जसं कुणी मागून शुक्‌शुक् करावं. गावाची कमान आली की दिवा मागं राहायचा आणि हौशीराम घराकडं वळून बघेपर्यंत नाहीसा व्हायचा.

सगळ्यात वाईट म्हणजे तो पावसातच यायचा. कोरड्या रात्री आरसा मोकळा. हौशीरामला याचा अर्थ लगेच लागला. पावसात ओरडलं तरी ऐकू जात नाही.

आता माणूस कोण, हे शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. गेणभाऊ त्याचा चुलतभाऊ, वयानं मोठा, घर शेजारीच. विहीर दोघांत एक. लाईट रात्रीची की दिवसाची त्यावर पाण्याची पाळी आणि पाळीवरून तोंडातोंडी, हे वाडवडिलांपासून चालत आलेलं. गेल्या उन्हाळ्यात विहिरीवर चांगलीच जुंपली होती. भांडण संपता संपता गेणभाऊ म्हणाला, "हौशा, पावसाळा येतोय. रातीचा येतोस एकला. जपून येत जा."

घरी येऊन हौशीरामनं ते वाक्य साळुबाईला ऐकवलं.

"बरं मग," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "जपून या की."

"अगं, त्याची बोलायची पद्धत ऐकली न्हाईस तू. धमकी व्हती ती."

"जपून ये म्हनायची दुसरी कोणती पद्धत असतीया?"

तरी ते वाक्य त्यानं जपून ठेवलं. दिवा दिसल्यावर ते कामाला आलं. एका पावसाच्या रात्री घरी पोचल्या पोचल्या तो अंगावरच्या रेनकोटसकट गेणभाऊच्या अंगणात गेला आणि पडवीत लावलेल्या गाडीच्या सायलेन्सरला त्यानं हात लावला. बोटं भाजली. म्हणजे गाडी आत्ताच आलेली. गेणभाऊ रोज त्याच वेळी डेअरीला दूध घालून येतो हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, हौशीरामलाही. पण भाजलेल्या बोटाला दुसरं काही पटत नव्हतं. दोन-तीन रात्री त्यानं असाच हात लावून पाहिला. मग एके दिवशी गेणभाऊच्या गाडीच्या टाकीला नवीन कुलपाचं झाकण दिसलं. ज्याच्या मनात काही नाही तो कुलूप कशाला लावेल?

"भाऊजींना इचारा की सरळ," साळुबाई म्हणाली.

"चोराला इचारू, तू चोर हायेस का म्हनून?"

"मग पोलिसात जावा."

"काय सांगू? माज्या मागून एक दिवा येतो?"

साळुबाईनं तवा उतरवला. "मला काय वाटतं सांगू का. तुमाला बुजगावणं दिसलंय पुन्यांदा."

ते त्याला लागलं. त्या रात्री तो झोपला नाही, आणि सकाळी उठला तो एक गोष्ट ठरवून. चेहरा बघायचा. बाकी काही नाही, एकदा चेहरा बघायचा आणि मग गावासमोर बोलायचं. जागाही त्यानं ठरवली. कालव्याचं वळण. तिथं आपण अंधारातही वळतो. वळायचं, पुढं बाभळीखाली गाडी बंद करून उभं राहायचं. त्याची गाडी जुनी, इंजिन बंद केलं की पुढचा-मागचा दोन्ही दिवे जातात. मागचा येईल, आपण दिसणार नाही, गोंधळेल, थांबेल. थांबला की गाठायचा.

थांबला नाही तर काय, हा प्रश्न त्याच्या मनात आला नव्हता असं म्हणता येणार नाही. पडलेल्या कठड्यासमोरून तो रोज जात होता. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. प्रश्न आला, त्यानं त्याच्याकडं बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं. लहानपणापासून त्याला ती सवय होती.

दोन दिवस उघडीप पडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून भुरभुर सुरू झाली आणि आठ वाजेपर्यंत पावसानं चांगला जोर धरला. हौशीरामनं गेटवर बटाटा कापला, काचा चोळल्या, गोणपाटानं पुसल्या, डिकीतला पान्ना काढून रेनकोटच्या खिशात टाकला. मंचर संपलं आणि आरशात दिवा आला. त्याला जवळजवळ बरं वाटलं.

कळंब गेलं. पोल्ट्रीचा वास आला. शाळेचे हिसके बसले. दिवा होताच, नेहमीच्या अंतरावर, झुकलेला. हौशीरामनं वेग वाढवला. मागं बारीक हॉर्न वाजला. गार झुळूक लागली तशी त्यानं गाडी डावीकडं टाकली, वळण घेतलं, बाभळीखाली आला आणि चावी बंद केली.

अंधार इतका पडला की पाऊस एकदम मोठा झाला.

स्टँड लावून, हातात पान्ना घेऊन तो गाडीशेजारी उभा राहिला. दिवा सरळ रस्त्यावर दिसायला लागला. चष्म्यावर पाणी होतं म्हणून त्यानं तो काढला, तर दिव्याचा नुसता एक मोठा पिवळा डाग झाला, पारावरच्या माणसांच्या तोंडासारखा. त्यानं पुन्हा लावला. दिव्याचा वेग उतरला. थांबला. हॉर्न वाजला. उत्तर आलं नाही, तसा पुन्हा वाजला, जरा लांब. मग दिवा हलला. चार हात पुढं आला, थबकला, जरा उजवीकडं झुकला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा चार हात.

हौशीरामचा हात खाली आला. ही चाल गेणभाऊची नव्हती. गेणभाऊला या वयात अंधारात सुई ओवता यायची, रस्ता त्याला तळहातासारखा दिसायचा. हा जो कुणी होता त्याला दिसत नव्हतं. जमीन चाचपत, वाट ऐकत, पुढचं आठवायचा प्रयत्न करत तो गाडी ढकलत होता. ही चाल हौशीरामला चांगली ओळखीची होती. ती त्याचीच होती.

आणि दिवा सरळ येत होता. वळण आलंय हे त्याला कळलेलं नव्हतं. दिव्यासमोर कठडा नव्हता.

"ए, थांब!" हौशीराम ओरडला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. पावसात ओरडलं तरी ऐकू जात नाही, हे त्याचंच म्हणणं होतं. त्यानं पान्ना खिशात टाकला, चावी फिरवली आणि किक मारली. ओली गाडी नुसती खाकरली. पुन्हा मारली. दिवा वळणाच्या तोंडाशी आला. किक बसेना, इंजिन लागेना, आणि इंजिनाशिवाय दिवा नाही. मग त्याच्या पायाला आपोआप सुचलं. ब्रेकचा दिवा बॅटरीवर चालतो. त्यानं सगळा भार टाकून ब्रेक दाबला.

बाभळीचं खोड लाल झालं. पाऊस लाल झाला.

त्या क्षणी पिवळा दिवा डावीकडं झटकन वळला, जसं कुणी दोरी ओढावी, आणि रस्ता सोडून सोयाबीनच्या वावरात गेला. चिखलात एक जड आवाज झाला. दिवा आभाळाकडं बघत राहिला.

हौशीराम पळत गेला. चिखलात एक माणूस बसलेला होता, निळा रेनकोट, डोक्यावर हेल्मेट तिरकं झालेलं. तो दोन्ही हातांनी आजूबाजूची माती चाचपत होता.

"कोण हाय?" हौशीरामनं विचारलं. आवाज बुजगावण्याला दम देतानाचा निघाला नाही.

"हौशीरामभाऊ? मी लालचंद. कापडवाला. माझा चष्मा बघा हो कुठं पडलाय."

लालचंद शेठ. निमगावातलं दोन पिढ्यांचं मारवाडी जैन घर. भावांच्या वाटण्या झाल्यावर लालचंदनं कापडाचं दुकान मंचरला नेलं होतं. राहायला मात्र गावातच, कारण आई सज्जनबाई गाव सोडायला तयार नव्हती. हौशीरामच्या लग्नातलं धोतर याच्याच वडिलांच्या दुकानातलं. चष्मा सापडला. एक काच शाबूत होती, दुसरीची फक्त चौकट.

"लागलं का कुठं?"

"नाही हो. वावर मऊ आहे. माणूस जुना आहे." लालचंद हातपाय हलवून बघत म्हणाला. "तुमचा दिवा एकदम गेला. मला वाटलं वळण अजून लांब असेल. तुमच्या दिव्याकडं बघत आलो ना, की रस्ता डोक्यात राहत नाही."

"तुमी रोज माज्या मागं येता?"

"पाऊस असला की." लालचंद लाजल्यासारखा म्हणाला, "चौमासा आहे, भाऊ. दिवस असताना दुकानातच जेवून घ्यायचं, मग जैन स्थानकात प्रतिक्रमण, दिवसभराच्या पापांची माफी मागायची. निघायला आठ होतात. चौमासा नसला की मी उजेडात घरी असतो. कोरडं असलं तरी येतो आपला आपण. पावसात ह्या काचांतून मला काही म्हणजे काही दिसत नाही."

"मग बटाटा चोळायचा. समदं मंचर चोळतंय."

"आमच्यात बटाटा खात नाहीत, हो. त्यात हा चौमासा. घरात आणायचा नाही, चिरायचा नाही, आणि मी तो तोंडावर चोळून फिरू? आई दारात घेईल का मला?" अंधारात लालचंद हसल्याचा आवाज आला. "तुम्ही रोज गेटवर बटाटा चोळता ते मी जाता जाता बघायचो. म्हटलं, याच्या चष्म्याला बटाटा आहे, म्हणजे याला दिसतंय. आपण याच्या मागं जावं. मागं जायला काही पाप नाही."

हौशीरामनं त्याला हात देऊन उभं केलं. आपल्यालाही दिसत नाही, आपण वासावर आणि हिसक्यांवर येतो, हे सांगण्याची ही वेळ नव्हती.

"सांगायचं तरी," तो म्हणाला. "बरुबर आलो असतो."

"कसं सांगू? कापडवाल्याला दिसत नाही असं गावात झालं, तर साडीचा रंग माझ्या सांगण्यावर कोण घेईल? तुम्ही कुणाला बोलायचे नाही हो. तुमच्याबद्दल तसा विश्वास आहे." मग त्यानं विचारलं, "दिव्याला काय झालं होतं?"

पाऊस पडत होता. हौशीरामच्या खिशात पान्ना होता.

"गाडी बंद पडली," तो म्हणाला.

"हां," लालचंद म्हणाला.

त्यानं मान वळवून बाभळीकडं बघितलं. पडलेल्या गाडीचा दिवा अजून जळत होता, त्याचा थोडा उजेड तिथवर जात होता. बाभळीखाली हौशीरामची गाडी रस्त्याच्या पार बाजूला, सरळ, स्टँडवर नीट लावलेली होती. बंद पडलेली गाडी कुणी इतक्या आत नेऊन लावत नाही. पण लालचंदच्या डोळ्यांवर त्या वेळी एकच काच होती, आणि तिच्यावर चिखल होता.

लालचंदची गाडी त्या रात्री वावरातच राहिली. कितव्या तरी किकेला हौशीरामची लागली आणि लालचंद मागं बसला. मध्येच पावसाचा जोर वाढला तसा लालचंदनं मागून हात पुढं घालून हौशीरामच्या चष्म्याच्या दोन्ही काचा बोटानं पुसल्या, लहान मुलाचं नाक पुसावं तशा.

"शेठ, बटाटा लागंल हाताला."

"पाऊस धुतोय," लालचंद म्हणाला. "आणि मला कुठं दिसतोय."

घरी आल्यावर हौशीरामनं साळुबाईला सगळं सांगितलं, म्हणजे गाडी बंद पडली इथपर्यंत. ती ऐकून बराच वेळ हसली. मग हसायची थांबली आणि नवऱ्याकडं बघत राहिली.

"चांगल्या गाडीला आजच बंद पडायला काय झालं?"

"पानी गेलं आसंल."

"आसंल," ती म्हणाली, आणि ताट वाढायला गेली. तिच्या पाठीवरून त्याला काहीच कळेना.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेणभाऊ भेटला. हौशीराम मोटर चालू करून निघालाच होता, तर तो म्हणाला, "हौशा, एक इचारू का? राग मानू नको."

"इचारा."

"रातीचा माज्या गाडीपाशी येत व्हतास तू. आमच्या म्हातारीनं बघितलं. पेट्रोल पायजे व्हतं तर मागून न्यायचं रं. मी कुलूप लावलं, पर मला बरं न्हाई वाटलं."

हौशीरामनं डोक्याला गुंडाळलेलं टापर सोडलं, पुन्हा बांधलं. "पेट्रोल नव्हतं काढत."

"मग काय करत व्हतास अंधारात?"

सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दिवा, धमकी, बोट, बाभळ. "सायलेन्सर गरम हाय का बघत व्हतो," तो म्हणाला.

गेणभाऊनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "जपून ऱ्हात जा," तो म्हणाला. यावेळी हौशीरामला ते नुसतं जपून राहत जा असंच ऐकू आलं, पण त्यानं ते तपासून घेण्यासाठी मनात ठेवलं. टाकीचं कुलूप तसंच राहिलं.

त्याच आठवड्यात लालचंद शीतगृहाच्या गेटवर आला. नवीन काचा, नवीन चौकट. त्यानं खिशातून मलमलचा एक चौकोनी तुकडा काढला, कडा दुमडून शिवलेल्या. "गोणपाटानं पुसू नका, भाऊ. काचा जातात." मग तो चार पावलं मागं जाऊन गाडीवर बसला आणि हौशीराम निघायची वाट बघू लागला. आता लपण्यासारखं काही नव्हतं.

हौशीरामनं बटाटा चोळला, मलमलनं पुसलं. काचा खरंच स्वच्छ झाल्या. मलमल घडी करून खिशात ठेवताना त्याच्या मनात आलं, ही यानं का दिली? माणूस उपकाराबद्दल देतो, तसंच मला माहीत आहे हे सांगायलाही देतो. त्यानं लालचंदच्या तोंडाकडं बघितलं. स्वच्छ चष्म्यातून, बल्बच्या उजेडात, चार पावलांवरून. डोळे नीट दिसत होते. त्यांत काय होतं ते दिसत नव्हतं.

कळंब गेलं, पोल्ट्री गेली, शाळा गेली. आरशात दिवा होता, झुकलेला. आता तो दिसला नाही तर हौशीरामचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून आरशात बघायचं कमी न होता वाढलंच होतं. गार झुळूक लागायच्या कितीतरी आधी त्यानं पाय ब्रेकवर टेकवला. गाडी थांबणार नाही पण दिवा लागेल, एवढाच. मागचा लाल उजेड ओल्या रस्त्यावर पसरला आणि त्याच्याबरोबर चालू लागला. असाच, पाय न उचलता, त्यानं पडलेल्या कठड्यासमोरून सावकाश वळण घेतलं, बाभळ मागं टाकली, आणि थांबून आरशात बघितलं. मागचा दिवा कठड्याशी आला. थबकला. मग लाल उजेडाचा माग धरून वळला.

वळून झाल्यावर हॉर्न वाजला. एकदाच, बारीक.

त्यात काय होतं ते हौशीरामला कळलं नाही. तो पुढं निघाला. पाय त्यानं ब्रेकवरून उचलला नाही, गावाची कमान येईपर्यंत.